रक्ताचें माप रुग्णाच्या हातीं

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे आपल्या मनांत राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु सामान्य माणसाचें आयुष्य ज्या गोष्टींनीं बदललें, त्यांचा इतिहास बहुधा गोठ्यांत, प्रयोगशाळेंत आणि स्वयंपाकघरांत घडलेला असतो. आज ज्या गोष्टीविषयीं बोलण्याचें योजिलें आहे ती अशीच आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं, नाहीं तर शेजारीं, हृदयांत कृत्रिम झडप बसविलेला किंवा पायाच्या शिरेंत एकदां रक्ताची गुठळी होऊन गेलेला एखादा माणूस असेल. त्याला रोज ठराविक वेळीं एक बारीकशी गोळी घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासून घ्यावें लागतें. घरांत ह्या गोळीला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतात. खरें पाहतां ती रक्त पातळ करीत नाहीं. रक्ताची गोठण्याची शक्ति तेवढी मंद करते. ह्या गोळीचें माप कोणीं ठरवावें, डॉक्टरांनीं कीं रुग्णानें स्वतः, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत गांभीर्यानें विचारला गेला. त्याचें जें उत्तर मिळालें, तें आपणांसहि विचार करावयास लावणारें आहे.

ही कथा सुरू होते ती उत्तर अमेरिकेंतील गुरांच्या गोठ्यांत. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत कॅनडांतील आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ मुलखांतील शेतकऱ्यांवर एक विचित्र संकट आलें. धडधाकट गुरें, शिंगें कापतांना किंवा खच्ची करतांना झालेल्या लहानशा जखमेंतून रक्त वाहून, मरूं लागलीं. कित्येक तर वरून कांहींहि इजा न होतां आंतल्या आंत रक्तस्राव होऊन मेलीं. कॅनडांतील गेल्फ येथल्या पशुवैद्यक विद्यालयांतील फ्रँक स्कोफील्ड यांनीं याचें कारण शोधून काढलें. हीं गुरें 'स्वीट क्लोव्हर' नांवाच्या वैरणीवर पोसलेलीं होतीं, आणि ती वैरण ओल लागून बुरसटलेली होती. ही वनस्पति आपल्या मेथीच्या नात्यांतली. हिचीच एक बहीण सेंजी या नांवानें उत्तर भारतांत गुरांना घालतात. नीट वाळविलेली ही वैरण निरुपद्रवी. तिला बुरशी लागली म्हणजे तीच विषारी.

वैरण टाकून द्यावी, हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीनें बरोबर होता. परंतु मंदीच्या त्या दिवसांत दुसरी वैरण विकत घेण्याची ऐपत पुष्कळ शेतकऱ्यांना नव्हती. १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यांत विस्कॉन्सिन राज्यांतील डियर पार्क येथला एड कार्लसन नांवाचा शेतकरी बर्फाच्या वादळांतून सुमारें १९० मैल मोटार हांकीत मॅडिसन शहरीं आला. गाडींत एक मेलेली कालवड, दुधाच्या किटलींत भरलेलें न गोठलेलें रक्त, आणि शंभरेक पौंड खराब वैरण होती. सुटीचा वार असल्यानें सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. म्हणून तो विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेंत जाऊन पोंचला. ती वैरण घालूं नये, आणि जमल्यास आजारी गुरांना दुसऱ्या गुरांचें रक्त द्यावें, यापलीकडे लिंक यांना त्या दिवशीं कांहीं सांगतां आलें नाहीं. पण तें किटलींतलें रक्त त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. पुढें सहा वर्षें ते आणि त्यांचे विद्यार्थी ह्या एकाच प्रश्नावर खपले. १९३९ च्या जून महिन्यांत हॅरल्ड कॅम्बेल यांनीं त्या वैरणींतील घातक द्रव्याचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले. त्या द्रव्यास डायकूमॅरोल असें नांव पडलें, आणि थोड्याच काळांत तें रक्ताच्या गुठळ्यांवर औषध म्हणून वापरलें जाऊं लागलें.

रक्त गोठूं न देणारें हेपॅरिन हें औषध यापूर्वींच, १९१६ सालीं, बाल्टिमोर येथें सांपडलें होतें. परंतु तें टोचून द्यावें लागतें. तोंडानें घेतां येईल आणि वर्षानुवर्षें घरीं चालवितां येईल असें औषध प्रथमच हातीं आलें होतें. १९४५ सालीं लिंक क्षयानें आजारी पडून आरोग्यधामांत असतां त्यांनीं उंदीर मारण्याच्या उपायांचा इतिहास वाचून काढला, आणि आपल्या द्रव्याच्या भाऊबंदांपैकीं एक अधिक तीव्र द्रव्य त्या कामीं निवडलें. विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव वॉरफॅरिन ठेवण्यांत आलें, आणि १९४८ सालीं तें उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें. १९५१ सालीं अमेरिकन सैन्यांत भरती झालेल्या एका तरुणानें आत्महत्येच्या हेतूनें तें विष बरेंच खाल्लें. परंतु 'के' जीवनसत्त्व दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. ज्या विषाला खात्रीचा उतारा आहे तें औषध होऊं शकतें, हें त्यावरून ध्यानांत आलें. १९५४ सालीं वॉरफॅरिनला माणसांसाठीं मान्यता मिळाली, आणि १९५५ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांनाहि तें देण्यांत आलें. उंदराचें विष राष्ट्राध्यक्षाचें औषध झालें, तें येणेंप्रमाणें.

आतां ह्या औषधाचें वर्तन कसें असतें तें पाहूं. कारण पुढील सारा इतिहास त्यावर अवलंबून आहे. कोपनहेगन येथील हेन्रिक डाम यांनीं कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, आहारांतील एका जीवनसत्त्वावांचून रक्त गोठत नाहीं. गोठण्याच्या क्रियेसाठीं युरोपीय भाषांत जो शब्द आहे त्याच्या आद्याक्षरावरून त्यांनीं त्याला 'के' असें नांव दिलें. १९४३ चें नोबेल पारितोषिक त्यांना व एडवर्ड डॉइझी यांना मिळून मिळालें, तें ह्याच जीवनसत्त्वासंबंधीं. रक्त गोठविणारीं कांहीं द्रव्यें यकृतांत तयार होतात, आणि त्यासाठीं हें जीवनसत्त्व लागतें; वॉरफॅरिन त्याच्या कामांत अडथळा आणतें. म्हणजे गोळी आणि भाजी यांची रोजच ओढाताण चालते. पालक, चाकवत, कोथिंबीर यांसारख्या हिरव्या पाल्यांत हें जीवनसत्त्व भरपूर असतें. एखाद्यानें आठवडाभर पालेभाजीचा धडाका लावला कीं गोळीचा जोर कमी पडतो; आजारपणांत अन्न तुटलें कीं त्याच गोळीचा जोर वाढतो. दुसऱ्या रोगावरचीं औषधें, विशेषतः कांहीं जंतुनाशकें, हाहि एक मोठा हिसका असतो. शिवाय प्रत्येकाचा पिंड निराळा; एकाला जेवढी मात्रा पुरते तिच्या कित्येक पट दुसऱ्याला लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन अर्धांगवायूची भीति. अधिक झाली तर मेंदूंत किंवा पोटांत रक्तस्रावाची भीति. दोन्ही बाजूंस दरी असलेल्या अरुंद वाटेनें जन्मभर चालावयाचें, असा हा मामला आहे.

अशा वाटेवर मोजमापाशिवाय पाऊल टाकतां येत नाहीं. तें मोजमाप मिल्वॉकी येथील आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं दिलें. रक्तांतील द्रवांत सशाच्या मेंदूपासून काढलेला अर्क व चुना मिसळावयाचा, आणि गुठळी बनण्यास किती सेकंद लागतात तें मोजावयाचें. परीक्षा सोपी होती, पण तींत एक मोठा दोष होता. हा अर्क प्रत्येक ठिकाणीं निराळा असे, आणि त्यामुळें एकाच माणसाच्या रक्ताचा आकडा एका गांवीं एक तर दुसऱ्या गांवीं दुसरा येई. अमेरिकेंत वापरले जाणारे पुष्कळ अर्क मंद प्रतीचे होते. त्यांच्यावर विसंबून तेथील रुग्णांना वर्षानुवर्षें गरजेपेक्षां अधिक औषध दिलें गेलें, आणि रक्तस्रावहि अधिक झाले. शेराचें माप गांवोगांव निराळें असलें म्हणजे गिऱ्हाइकाची जी गत होते तीच ही. मँचेस्टरचे लिऑन पोलर यांच्यासारख्या संशोधकांनीं सर्व अर्क एका प्रमाणाशीं ताडून पाहण्याचा दीर्घ उद्योग केला, आणि १९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व जगासाठीं एकच आकडा मान्य केला. त्यालाच आज आय. एन. आर. म्हणतात. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. हें औषध घेणाऱ्या बहुतेकांना तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. कांहीं कृत्रिम झडपांना त्याहून थोडा अधिक लागतो.

ह्या एका आकड्यानें पुढील क्रांतीची तयारी करून ठेवली. जोंवर माप गूढ होतें तोंवर तें तज्ज्ञाच्या खोलींतच राहणार. माप जेव्हां सर्वत्र सारखें आणि एका अंकांत सांगण्याजोगें झालें, तेव्हां तें कोणाहि लिहितां-वाचतां येणाऱ्या माणसाला समजूं शकत होतें.

तोंपर्यंतची रीत अशी कीं रुग्णानें दवाखान्यांत जावें, शिरेंतून रक्त द्यावें, निकालाची वाट पाहावी, आणि डॉक्टर सांगतील तितक्या गोळ्या घ्याव्या. ही रीत टाकाऊ नव्हती. हॉलंडांत उट्रेख्ट येथें १९४९ सालीं या कामासाठीं स्वतंत्र सेवा निघाली, आणि तशा केंद्रांचें जाळें त्या देशभर पसरलें. परंतु महिन्याकाठीं एकदां काढलेलें माप म्हणजे महिन्यांतील एका दिवसाचें माप. मधले एकोणतीस दिवस अंधारांतच.

रुग्णानें स्वतःचें माप स्वतः घेण्याची कल्पना प्रथम मधुमेहांत रुजली. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन हे लहानपणापासून मधुमेही असलेले इंजिनियर. १९६९ च्या सुमारास रक्तांतील साखर मोजणारें एक यंत्र निघालें. पण तें केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना विकलें जाई. बर्नस्टाइन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. तिच्या नांवावर त्यांनीं तें यंत्र मिळविलें, दिवसांतून अनेक वेळां साखर मोजूं लागले, आणि आपली प्रकृति ताळ्यावर आणली. त्यांचें म्हणणें वैद्यकीय मासिकांनीं ऐकून घेईनात, तेव्हां उतारवयाकडे झुकतांना ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल होऊन डॉक्टर झाले.

रक्त गोठण्याच्या बाबतींत तेंच पाऊल जर्मनींत पडलें. वेस्टफालिया प्रांतांत बाड बेर्लेबुर्ग नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील हृदयरुग्णांच्या आरोग्यधामांत १९८६ सालीं रुग्णांना आपलें रक्त आपण तपासण्याचें व आपली मात्रा आपण ठरविण्याचें शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. त्या वेळचीं यंत्रें अवजड होतीं. पुढील दशकांत मुठींत मावेल असें यंत्र निघालें. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर ठेवावयाचा. पहिल्या प्रकारच्या कांहीं यंत्रांच्या पट्टींत लोहाचे अतिसूक्ष्म कण असत, ते चुंबकाच्या ओढीनें हलत राहत, आणि रक्त गोठलें कीं थबकत. ते किती वेळानें थबकले त्यावरून यंत्र आकडा दाखवी. हें सारें एक-दोन मिनिटांचें काम.

परंतु श्रोतेहो, जर्मनांनीं केवळ यंत्र हातीं दिलें नाहीं, तर त्याबरोबर शाळा काढली. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मधुमेह्यांना शिकविण्याचा ड्युसेलडॉर्फ येथील डॉक्टरांना चांगला अनुभव होता. त्याच परंपरेंतील पेटर सावित्स्की यांनीं ह्या औषधासाठीं अभ्यासक्रम आंखला, आणि १७९ रुग्णांवर त्याची परीक्षा घेऊन १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभ्यासक्रम असा कीं थोड्या जणांचा वर्ग, आठवड्यास एक याप्रमाणें तीन बैठका. औषध काय करतें, आकडा काय सांगतो, कोणती भाजी व कोणतें औषध आकडा हलवितें, यंत्र कसें हाताळावें, आणि कोणत्या वेळीं आपलें शहाणपण बाजूस ठेवून तांतडीनें डॉक्टर गांठावा, एवढा विषय. वहींत तीन रकाने, तारीख, आकडा आणि मात्रा. या पद्धतीनें शिकलेल्यांचे आकडे योग्य पट्ट्यांत अधिक वेळां राहिले, आणि ते उपचाराविषयीं अधिक समाधानी दिसले.

हें गणित कांहीं फार कठीण नाहीं, पण त्याला संयम लागतो. समजा, आठवड्याची एकूण मात्रा ३५ मिलिग्रॅम आहे आणि आकडा थोडा खालीं आला. तर शिकलेला रुग्ण मात्रा दुप्पट करीत नाहीं. आठवड्याच्या बेरजेंत दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन मिलिग्रॅमची, वाढ करतो आणि वाट पाहतो. कारण आजच्या गोळीचा पुरता परिणाम रक्तांत दिसावयास कांहीं दिवस लागतात. घाईनें आज वाढविलें, उद्यां घटविलें, तर आकडा झोपाळ्यासारखा हेलकावे घेत राहतो. हा केवळ मासला म्हणून सांगितला. प्रत्येकाचा नियम त्याच्या डॉक्टरांनीं आंखून द्यावयाचा असतो.

मग ह्या स्वावलंबनाचा परिणाम काय झाला? बार्सिलोना येथें ७३७ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून केलेला प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाचा सांभाळ उत्तम दवाखान्यानें केला, दुसऱ्या गटानें स्वतःचा सांभाळ केला. आकडे योग्य पट्ट्यांत राहण्याचें प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखें. पण सुमारें वर्षभरांत मोठे अपाय दवाखान्याच्या गटांत शेंकडा ७.३, तर स्वतः सांभाळणाऱ्यांत शेंकडा २.२ झाले. पुढें २०१२ सालीं अशा ११ प्रयोगांतील ६,४१७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली. स्वतः माप घेणाऱ्यांत गुठळ्यांचे अपाय सुमारें निम्म्यावर आलेले दिसले. मोठ्या रक्तस्रावांत आणि मृत्यूंत मात्र लक्षांत घेण्याजोगा फरक नव्हता. पंचावन्न वर्षांखालील आणि कृत्रिम झडप असलेले यांना लाभ विशेष झाला.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,९२२ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. तेथें रुग्ण दर आठवड्यास घरीं माप घेत, पण मात्रा डॉक्टरच ठरवीत. तुलना होती ती महिन्यास एकदां उत्तम दवाखान्यांत जाणाऱ्यांशीं. अर्धांगवायु, मोठा रक्तस्राव व मृत्यु यांत दोन्ही गटांत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं. म्हणजे चांगला दवाखाना जवळ असेल तर यंत्रावांचून अडत नाहीं. शिवाय सर्वांनाच हें जमत नाहीं. कित्येकांनीं आरंभींच नकार दिला, कित्येकांनीं मध्येंच सोडून दिलें. कोणाचे हात थरथरतात, कोणाला अंक नीट दिसत नाहींत, कोणाला रोज स्वतःच्या रक्ताकडे पाहण्याची धास्ती वाटते. अशांवर हें ओझें लादणें अन्याय होईल. ब्रिटनमध्यें २०१४ सालीं सरकारी मार्गदर्शक संस्थेनें घरच्या यंत्रांची शिफारस केली, तीहि ज्यांची इच्छा आहे व ज्यांना तें झेपेल अशांपुरतीच.

आतां आपल्या देशाकडे वळूं. कोणी म्हणेल कीं, २०१० नंतर ज्यांना वारंवार रक्त तपासावें लागत नाहीं अशा नव्या गोळ्या निघाल्या आहेत. मग ह्या जुन्या कथेचा उपयोग काय? नव्या गोळ्यांनीं पुष्कळांची सोय झाली हें खरें. परंतु धातूच्या किंवा कार्बनच्या झडपा बसविलेल्यांवर डॅबिगॅट्रान ह्या नव्या औषधाचा प्रयोग झाला, तो अपाय अधिक होऊं लागल्यामुळें थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. लहानपणीं घसा येऊन मागाहून जो संधिवाताचा ताप येतो, त्यानें हृदयाच्या झडपा बिघडतात. हा रोग गरिबांच्या दाट वस्तींत अधिक, आणि आपल्या देशांत अजून पुष्कळ. अशा रुग्णांवर २४ देशांत झालेल्या आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील गणेशन् कार्तिकेयन यांच्या पुढाकारानें झालेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०२२ सालीं लागला. नव्या गोळीपेक्षां जुन्या वर्गांतील औषधच त्यांना अधिक तारक ठरलें. त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घडविलेली स्वदेशी झडप डिसेंबर १९९० मध्यें प्रथम रुग्णाच्या हृदयांत बसविली गेली. त्या झडपेलाहि ह्या औषधाची जन्माची सोबत लागते. आपल्याकडे वॉरफॅरिनच्या जोडीनें त्याच वर्गांतील ॲसेनोकूमॅरोल हें औषधहि फार चालतें. तेव्हां हा जुना आकडा आपल्याला अद्याप सुटलेला नाहीं.

आणि तो कोणाला मोजावा लागतो? झडप बदललेली एखादी तरुण सून, तालुक्याच्या गांवापासून दूर राहणारी. रक्त तपासावयाचें तर दिवसाची मजुरी बुडवून एस. टी. नें जावें, आणि बरोबर घरचें कोणीतरी असावें. दोन महिने पाऊस लागला कीं तपासणी राहून जाते, आणि एके सकाळीं तोंड वांकडें होऊन उजवा हात लुळा पडतो. तिला हें कोणीं सांगितलेलें नसतें कीं मूल राहण्याचा विचार करण्यापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण हें औषध गर्भाला बाधूं शकतें. शहरांतील सुशिक्षित घरांतहि याहून फार निराळें नसतें. आजोबांचा आकडा काय होता असें विचारलें तर 'फाईलींत आहे' असें उत्तर येतें. कित्येक घरांत पालेभाजी कायमची बंद होते. वास्तविक ती बंद करावयाची नसून तिचें प्रमाण सारखें ठेवावयाचें असतें.

यंत्राच्या पट्ट्या आपल्याकडे अद्याप अनेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण जर्मनांच्या त्या शाळेचा मोठा भाग यंत्राशिवायहि चालण्याजोगा आहे. वहीला फारसा पैसा पडत नाहीं. आपला आकडा कोणत्या दोन अंकांच्या मध्यें असावा हें पाठ असणें, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणें, गोळी चुकली तर काय करावें हें आधींच विचारून ठेवणें, दांत काढण्यापूर्वीं किंवा दुसरें कोणतेंहि औषध घेण्यापूर्वीं आपण ही गोळी घेतों हें सांगणें, हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा अकस्मात् तीव्र डोकेदुखी हीं चिन्हें ओळखून त्याच क्षणीं दवाखाना गांठणें, एवढें आठवड्यास एक याप्रमाणें तीन बैठकांत कोणालाहि शिकवितां येईल. गांवोगांव साक्षरतेचे वर्ग चालविण्याचा अनुभव ज्या महाराष्ट्राला आहे, त्याला हें अवघड नसावें.

विस्कॉन्सिनचा तो शेतकरी बर्फांतून रक्ताची किटली घेऊन आला, तेव्हां त्याला हवें होतें तें ज्ञान कोणाजवळच नव्हतें. आज तें ज्ञान आहे, मापहि आहे, आणि शिकलेला रुग्ण तें माप सांभाळूं शकतो ह्याचा पुरावाहि आहे. डॉक्टरांनीं वही तपासावी, चुकलें तेथें लाल रेघ ओढावी. परंतु वही विद्यार्थ्याच्याच हातीं राहिली पाहिजे. ज्या घरीं ही गोळी चालू आहे त्यांनीं आज रात्रीं एवढेंच करावें: शेवटचा आकडा कोणता होता आणि तो केव्हांचा, हें फाईल उघडून पाहावें, आणि एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.